गुलाबाच्या वाफ्यातली कात्री

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. मित्रांनो, माझ्या पात्यावर बोट फिरवू नका. पूर्वी धारेने कापले असते, आता खाचांनी खरचटेल.

कारखान्यात माझे पोलाद लालभडक तापवले, तेलात बुडवले आणि दगडावर घासले. तिथून मी या सार्वजनिक बागेच्या माळीमामांच्या हाती आले. दर हिवाळ्यात आम्ही दोघे गुलाबाचा वाफा छाटत असू. कोंबाच्या जरा वर, तिरका काप, एका दमात. काम संपले की मामा मला फडक्याने पुसत, तेलाचा थेंब सोडत आणि खिळ्याला अडकवत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे मामांच्या जोडीचे दोन माळी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. मग दर रविवारी स्वयंसेवक येऊ लागले. त्यांच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणत. माणसे मनाने चांगली, कडाक्याच्या थंडीतही न चुकता यायची. पण माझे हाल कुत्रा खाईना. एकाने माझ्या पात्यांनी कुंपणाची तार कापली. दुसऱ्याने रंगाचा डबा उघडला. फोटोपुरती मी प्रत्येकाला हातात हवी असे, फोटो झाला की ओल्या पाचोळ्यात. दोन जबडे असून मला बोलता येत नाही, याचा असा संताप पूर्वी कधी आला नव्हता.

मामा मला शोधून काढत, गंज खरवडत आणि स्वतःशीच म्हणत, फुकट येतात बिचारे, त्यांना काय बोलणार.

त्या हिवाळ्यात माझ्या बोथट पात्यांनी फांद्या कापल्या नाहीत, चेचल्या. चेचलेली टोके काळी पडली आणि ते काळे बुंध्यापर्यंत उतरले. अर्धा वाफा वाळून गेला. बाईंनी थंडीला दोष दिला. उरलेले गुलाबही उपटू आणि तिथे फरशी घालू, म्हणजे निगा राखायला नको, असे त्यांनी सुचवले.

तेव्हा मामांनी मला बाईंच्या हातात ठेवले.

"बाई, हे थंडीने नाही झालं. तुम्ही फुकट राबता म्हणून मी गप्प बसलो, तेही चुकलंच माझं. पण झाडाला कुठे कळतं, कोण पगारी आणि कोण फुकट?"

बाईंनी मला उघडून माझ्या खाचा पाहिल्या. स्वयंसेवकांत एक शिंपीणकाकू होत्या. घरात आपल्या कात्रीला कोणी हात लावला तर आपण दोन दिवस बोलत नाही, आणि इथे सगळे दिसत असून डोळेझाक केली, असे त्यांनी खालच्या मानेने कबूल केले. शेवटी बाईंनी विचारले, "मामा, धार कशी लावायची ते शिकवाल का आम्हाला?"

मामांनी शिकवले. फरशीचा विषय मागे पडला. पण खोल खाचा घासून जात नाहीत आणि मेलेले गुलाब धार लावून परत येत नाहीत. परवाच नवी रोपे लावताना एक नवे गृहस्थ मला घेऊन तारेकडे निघाले होते. बाईंनी अडवले म्हणून वाचले.

मित्रांनो, बागेत मदतीला जरूर या. पण कोणते हत्यार कशासाठी, हे आधी विचारा आणि जाताना ते पुसून जागेवर ठेवा. एवढे जमणार नसेल, तर खरेच सांगते, घरीच थांबा. गुलाबांवर तेवढेच उपकार होतील.