आतल्या बांधावरचा दगड

हातमोजा काढला तेव्हा नणंदेची तर्जनी ओली होती.

"घाम असेल," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

भावजयीने तिचं मनगट धरून तिला नळाकडे ओढलं. दोघी एकाच प्रयोगशाळेत कामाला. भावजय डोंगर चढून दगडांचे तुकडे फोडून आणायची, नणंद ते आम्लात विरघळवायची. हे आम्ल मोठं कावेबाज. लागताना चटका बसेलच असं नाही. कातडीतून गुपचूप आत शिरतं, थेट हाडाला भिडतं, आणि ठणका सुरू होईपर्यंत उशीर झालेला असतो. जास्त गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

आधी पाणी, मग कपाटातलं मलम, मग गाडी. दारात नणंद वळली.

"वहिनी, हॉटप्लेटवर भांडं आहे. आतल्या बांधाचा दगड!"

"मरो तो दगड."

"अगं, करपला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुसरा मिळायचा नाही."

"चिमे, चल म्हणते ना!"

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीवर तारा चिकटवल्या. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागली. भावजयीची नजर तिथून हलेना.

"दुखतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही गं. सारखं विचारू नकोस."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "ती फोन का उचलत नाही?"

"कामात आहे हो आई. हात गुंतलेत तिचे."

"आणि तुझा आवाज का असा?"

"सर्दी झालीय."

नणंद खुदकन हसली. डॉक्टरांना बहुधा तिला बोलतं ठेवायचं होतं. त्यांनी विचारलं, "दगड विरघळवून तुम्हाला मिळतं तरी काय?"

"बर्फाखाली गाडलेल्या दगडाला आकाश दिसत नाही," ती सांगू लागली. "बर्फ वितळला की तो उघडा पडतो. मग अंतराळातले किरण त्याच्यावर आदळतात, त्यांची खूण दगडात साठत जाते. ती मोजली की कळतं, बर्फाने त्याला कधी सोडलं."

"आणि कधी सोडलं?"

"दरीच्या तोंडाशी बर्फाने ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचा बांध आहे. तिथला दगड म्हणतो, सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वी. तेव्हा दक्षिण गोलार्धातल्या या डोंगरांतून हिमयुग निघायला लागलं. वाऱ्यांचे पट्टे सरकले, समुद्र तापला, हवेतला कार्बन वाढला. कशामुळे काय झालं, यावर अजून भांडणं चालू आहेत. दरीत पार आत दुसरा बांध आहे. बर्फाला तिथवर मागे हटायला किती काळ लागला, ते त्या भांड्यात…"

ती थांबली. बोटाकडे पाहत राहिली.

"वहिनी, दुखायला लागलं."

बोटातच इंजेक्शन द्यावं लागलं. नणंद किंचाळली. भावजयीने तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि मान वळवून हिरवी रेघ पाहत राहिली. रेघ उड्या मारत होती, पण चुकत नव्हती. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "बोट वाचलं. नख जाईल, पण येईल परत."

प्रयोगशाळेतली हॉटप्लेट शेजारच्या खोलीतल्या कुणीतरी बंद केली होती, पण उशिरा. भांड्याच्या तळाशी पांढरी खपली कडक होऊन बसली होती. पट्टी बांधलेलं बोट उंच धरून नणंद काचेबाहेर स्टुलावर बसली आणि आत भावजय कामाला लागली. हातोडा चालवणाऱ्या हातांनी तिने खपलीवर आम्ल सोडायला घेतलं.

"थेंब थेंब सोड. घाई नको."

"सुटत नाहीये गं."

"सुटेल. श्वास घे आधी."

सुटायला चांगला आठवडा गेला.

मोजणीचा आकडा आला तेव्हा नणंद आनंदाने ओरडली. भावजयीने मात्र आकडा पुन्हा तपासला. दोन दगडांच्या वयात जेमतेम हजार वर्षांचं अंतर होतं. बाहेरच्या बांधावरून आतल्या बांधावर पोचायला तिला अख्खा दिवस चालावं लागायचं. ती सगळी दरी कधीकाळी काठोकाठ बर्फाने भरलेली होती.

"एवढा बर्फ, चिमे. इतक्या लवकर? मग आत्ता उरलाय तो किती टिकेल?"

"एकाच दगडावर कशाला जातेस? माझं काही चुकलं असेल."

"चुकलंय का तुझं?"

नणंदेने वहीतली नोंद पुन्हा एकदा पाहिली. "नाही," ती म्हणाली.

भावजयीने पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर जायची परवानगी मागितली. नवे दगड हा आकडा खोटा पाडतील, अशी तिला मनातून आशा होती. तिने ते आणले, नणंदेने विरघळवले. सगळ्या दगडांनी तेच सांगितलं.