पाठमोरी

“जरा डावीकडे. हं... आता खाली. अगं, खाली म्हणजे जमिनीवर नव्हे!”

गावातल्या एका शेतकऱ्याची सून स्टुलावर उभी राहून चौकट सरळ करत होती आणि निवृत्त ड्रॉइंगमास्तर खालून हुकूम सोडत होते. तालुक्याच्या गावी तिघांचं हे पहिलंच प्रदर्शन. एका भिंतीवर मास्तरांचे बैल. दुसरीवर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची शेतं. सूर्य कुठेही असो, त्याच्या प्रत्येक झाडाला पाटीवरच्या अक्षरासारखी उजवीकडेच सावली. तिसरी भिंत सुनेची.

तिच्या भिंतीवर एकच बाई होती. हौदावर भांडी विसळणारी, गवताचा भारा बांधणारी, कोंबड्यांना दाणे टाकणारी, गोठ्याच्या दारात एक हात मागे कमरेवर उलटा टेकून उभी राहिलेली. सगळीकडे पाठमोरी. सासूबाईंनी लग्नानंतर लगेचच बजावून ठेवलं होतं, “झाडं काढ, गुरं काढ. माझं तोंड काढलंस तर रंगांचा डबा चुलीत घालीन.” सुनेने शब्द पाळला होता. तोंड कधीच काढलं नव्हतं. पण ब्रश हातात घेतला की नजर त्यांच्याकडेच जायची, त्याला ती तरी काय करणार! सासूबाईंना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुपारी गावची मंडळी टेम्पो भरून आली आणि इवलंसं दालन गजबजून गेलं.

“हा आमचा बैल!”

“तुमचा एवढा धष्टपुष्ट कधी होता हो?”

मास्तर खुशीत मिशीवरून हात फिरवत होते. तेवढ्यात पेंटर धावत सुनेकडे आला.

“वहिनी, तुमच्या सासूबाई आल्यात. ड्रायव्हरशेजारी बसून!”

सुनेने चमकून दाराकडे पाहिलं. गुरांना सोडून येत नाही म्हणाल्या होत्या की! आता डबा चुलीत जाणार, आणि घरातलं हे एवढंसं सुखही त्याच्याबरोबर जाणार. चित्रातली बाई ओळखून शेजारणीने तोंड उघडताच तिने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सासूबाईंनी आधी बैल पाहिले, एकाच्या शिंगांना नावं ठेवली आणि तिसऱ्या भिंतीशी आल्या. एकेक चित्र पाहत शेवटच्या चित्रासमोर थांबल्या. त्यांचा एक हात आपसूक मागे कमरेवर गेला. मागच्या मंडळींनी भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. पेंटरने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

“ही कोण आहे, मला कळलंय बरं का,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मी तोंड नाही काढलं, खरंच—”

“माझी आई आहे ही.”

सुनेने वळून चित्राकडे पाहिलं.

“अशीच उभी राहायची दारात. मी लहान होते तेव्हा गेली गं. एक फोटोसुद्धा नाही तिचा.” सासूबाईंचा आवाज ओला झाला, पण चेहरा जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसा खुलला होता. “तुला कशी दिसली ही?”

भीती कुठल्या कुठे पळाली. सुनेला आनंदाने एकदम भरून आलं. बोलावं की नाही, असं क्षणभर झालं, पण खोटं बोलवेना.

“घरातच दिसते,” ती म्हणाली. “रोज.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दालनभर पसरलेल्या त्या गप्प, हसऱ्या चेहऱ्यांकडे. कमरेवरचा हात त्यांनी सावकाश पुढे आणला आणि उलटसुलट करून पाहिला.

“हिला जरा इकडे वळवता येईल का गं?” सासूबाईंनी हळूच विचारलं. “तोंड बघावंसं वाटतंय.”