नातेवाईक नसलेला रस्ता

चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर मोटरसायकल चालवली की एक क्लब प्रमाणपत्र देतो. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर पेट्रोलची पावती घ्यायची, निघताना आणि परतल्यावर साक्षीदाराची सही. साक्षीदार मी. वाशीमच्या कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दिनेश माझा शाळेपासूनचा मित्र आहे, एवढीच माझी पात्रता.

मागच्या वर्षी तो हिंगोली-नांदेडवरून हैदराबादच्या पुढे जाऊन आला आणि बावीस मिनिटांनी हुकला. गाडी चांगली होती, रस्ताही. घात नातेवाइकांनी केला. त्याच्या आईनं, गिरजाबाईंनी, आधीच सगळीकडे फोन केले होते. हिंगोलीत देवलामावशी रस्त्यात आडवी उभी, नांदेडला मामा ताट वाढून बसलेले. आमच्याकडे मावशीच्या गावातून न थांबता गेलेला भाचा मेलेल्यात जमा असतो. पठ्ठ्या दोन्हीकडे जेवला आणि वर आहेराचा टॉवेल खांद्यावर टाकून निघाला.

यंदा शेवटची संधी होती. हुकलं तर गाडी विकायची, असं त्यानं बायकोला, शुभांगीला, कबूल केलं होतं. त्याच्या भाजीच्या वावरात बसून आम्ही तीन दिवस नकाशा धुंडाळला. अट एकच, वाटेत आपलं कोणी नको. समृद्धीवर दुचाकीला मनाई, ती बाद. शेवटी अमरावती, बैतूल, भोपाळ, झाशीच्या पुढून परत, असं ठरलं. कारंज्यात आत्या आहे, पण पहाटे चारला ती झोपेत असते. पुढे एकही पाहुणा नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गिरजाबाई मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होत्या.

"तिकडं आपलं कोन हाय?"

"कोनीच नाही, माय. म्हनून तं जाऊन राह्यलो."

"अन् पडला तं?"

"अ‍ॅम्बुलन्स येते."

"येते रे. सोबत कोन बसन?"

दिनेशनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ वेगाचा, पेट्रोलचा, अगदी डुलकीचाही हिशेब होता. सोबतीचा तेवढा मांडलाच नव्हता. खरं सांगतो, मला लाज वाटली. संध्याकाळी त्यानं झाशीच्या रस्त्याचा कागद फाडला आणि जुनाच रस्ता लिहून आणला. "हुकलं तं हुकलं," एवढंच म्हणाला. शुभांगीनं त्याच दिवशी गाडीचे फोटो काढून ठेवले, गिऱ्हाइकाला दाखवायला.

निघायच्या आदल्या सकाळी गिरजाबाई माझ्या दुकानात आल्या. "हिंगोलीले फोन लाव," म्हणाल्या. मी स्पीकर लावून दिला.

"देवला, उद्या दिनेश येईन. त्याले थांबवू नोको. सडकीवर उभी राह्य, तो गेला का मले सांग फक्त."

"काहून बाई? माह्या घरचं पानी कडू झालं का?"

"नाही वं. पोराले टाइम नाही."

मावशीनं फोन कट केला. सख्खी धाकटी बहीण.

गिरजाबाई म्हणाल्या, "आता नांदेडले लाव."