हिमनगानं ओढून नेलेला दोर

मी दोर आहे आणि मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. धीट दोर असतात म्हणे. मी त्यातला नाही.

पिपालुक नावाच्या पोरीनं समुद्री शेवाळाची इवली रोपं चिकटलेला धागा माझ्या अंगाभोवती गुंडाळला आणि ग्रीनलंडच्या खाडीत मला आडवं सोडलं. इतक्या गार पाण्यात शेवाळाची शेती जमते का, याची ती चाचणी होती. वर बर्फ कडाडायचा, आणि मूठ नसतानाही जीव मुठीत धरून मी दोन हिवाळे काढले.

तिचे वडील कालेराक जन्मभर हॅलिबट मासे धरणारे. माझी पोर मासे सोडून गवत लावतेय, आता सीलं चरायला येतील, असं तेच गावभर सांगत फिरायचे. पण होडी काढायला तेच पुढं.

शेवाळ वावभर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं, वाढलं तरच चाचणी पुढं चालणार होती, नाहीतर बंद. मोजायच्या दिवशी कालेराकांनी मला वर ओढलं आणि सवयीनं मनगटाला माझा वेढा मारला. माशाची दोरी ते अशीच धरायचे.

तेवढ्यात पलीकडून एक हिमनग सरकत आला नि माझं दुसरं टोक त्याच्या कपारीत अडकलं. मी ताणलो. त्यांचं मनगट होडीच्या काठावर चेपलं, होडी कलली, पाणी आत आलं. मला सैल व्हायचं होतं हो! पण ते माझ्या हातात कुठं? माझ्याखाली त्यांचा पंजा काळानिळा पडत चालला होता.

पिपालुकनं मांस कापायची चंद्रकोरी सुरी उचलली.

"कापू नकोस," कालेराक म्हणाले. "भरलेली दोरी कुणी कापतं का? दोन वर्षं आहेत तुझी त्यावर."

"गप्प बसा, बाबा. शेवाळ पुन्हा लावता येतं."

सुरी टेकली तसा मी थरथरलो. तरी मनात म्हटलं, काप बाई, लवकर काप. तिनं रडत रडत कापलं. होडी सरळ झाली. कालेराक मनगट पोटाशी धरून बसले आणि पोरीकडं बघेनात.

आता हिमनग मला भर समुद्रात ओढून नेतोय. खाली तळ दिसत नाही. हा उलटला की मी संपलो. रोज तो करकरतो नि रोज माझी गाळण उडते. पण शेवाळ वाढतंय. काल ते वावभराच्या पुढं गेलं.

पिपालुक, चाचणी फसली असं वहीत लिहू नकोस, एवढंच मागणं. बाकी काय सांगू, मला फार भीती वाटते गं.