पाठीमागचा हात

साई आमचा साडेतीन वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, त्यामुळे आधाराशिवाय बसता येत नाही. फिजिओथेरपीच्या करुणा मॅडम दौंडला, आम्ही तळेगाव ढमढेऱ्यात. दर आठवड्याला त्याला तिकडे नेणं जमेना, म्हणून मॅडम मंगळवारी व्हिडिओ कॉलवर व्यायाम सांगायच्या. करून घ्यायच्या माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. मी त्या वेळी कोरेगाव भीमाजवळच्या कंपनीत. तयार मालातले दोष शोधायचे, हे माझं काम.

दिवाळीनंतर एकदा मॅडमचा फोन आला. साई एकटा बसला, दहा आकडे मोजेपर्यंत! मी कंपनीत कामाच्या लाइनवरच रडले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढे चारले. मॅडमनी पाठीचे व्यायाम बंद करून उभं राहायचे सुरू केले.

संध्याकाळी माझ्यापुढे मात्र तो कलंडायचा. आत्या म्हणायच्या, "सांजच्याला दमतंय गं लेकरू." सुट्टीच्या सकाळी कलंडला तर म्हणाल्या, "आत्ताच तर उठलंय." मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं मी. आणि म्हणे दोष शोधायचा पगार घेते!

मार्चमध्ये एका मंगळवारी कंपनीतली लाइट गेली, आम्हाला लवकर सोडलं. मी मागच्या दाराने आत आले. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. उभं करण्याआधी मॅडम दर वेळी त्याला बसवून बघायच्या, तशा पलीकडून मोजत होत्या, "सहा, सात..." साई ताठ बसलेला. आणि त्याच्या सदऱ्याखाली, पाठीला, आत्यांचा पंजा.

"आत्या, हात काढा."

त्या दचकल्या. "पडंल गं, नीलम."

"पडू द्या."

मॅडमचं मोजणं थांबलं. "हात? कोणाचा हात?"

 आत्या रडायला लागल्या. "मॅडम, तुमी शाब्बास म्हनला की किती हसतंय वो. दिसभरात तेवढंच हसतंय."

त्यांनी हात काढला. दोन आकड्यांत साई गोधडीवर आडवा. दिवाळीआधीही दोनच होते. चार महिने त्याची पाठ त्या हातावर रेलून होती आणि मी पेढे वाटून मोकळी झाले होते. इतका राग आला, पण काढायचा कोणावर?

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करू," मॅडम हळूच म्हणाल्या.

साईला यातलं काय कळणार? पडल्यापडल्या मान वळवून तो फोनकडे बघत होता. तोंड हसायच्या बेतात. शाब्बासची वाट बघत होता.