वरचा दिवा

प्रयोगशाळेत तिला सगळे 'मिणमिण' म्हणत. हे नाव ठेवलं विभागप्रमुखांनी, आणि विभागप्रमुख म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यामुळे ऑफिसात 'सर' आणि घरी 'भाऊजी' अशा एकाच माणसाकडून तिला ते दोन्हीकडे ऐकावं लागे. मेहुणीला आपणच इथं चिकटवली, असा भाऊजींचा पक्का समज होता. खरं तर त्यांनी जाहिरातीचं एक कात्रण तेवढं पाठवलं होतं. पण उपकार करून विसरणारी माणसं वेगळी; भाऊजी न केलेलेसुद्धा व्याजासकट लक्षात ठेवत.

सूक्ष्मदर्शकात उजेड कुठून सोडायचा आणि किती, हे तिचं काम. जुन्या पद्धतीत उजेड वरून ओतायचा, तो काचेखालच्या जिवाच्या अंगातून आरपार. कॅमेरा मात्र एका वेळी एकच पातळ थर बघणार. बाकीच्या थरांनी उगाच भाजून घ्यायचं. एक पान वाचायला अख्खं पुस्तक शेकोटीवर धरण्यातला हा प्रकार, असं ती म्हणे. तिनं उजेड बाजूनं सोडला. दाराच्या फटीतून येतो तसा, पातळ, आडवा. कॅमेऱ्याला हवा तेवढाच थर उजळायचा, तोही फोटो घेताना क्षणभर. अख्खा थर एकाच फोटोत येई, म्हणून काम झपाट्यानं व्हायचं, आणि जिवाला त्रास नाही.

त्रास नाही हे बोलून काय उपयोग, दाखवायला हवं होतं. म्हणून तिनं यंत्रात माशाचं एक अंडं लावलं होतं, वाटाण्याहूनही लहान. आतल्या गर्भाचं अंग काचेसारखं, आणि हृदयाला हिरवा चमकणारा रंग. तीन दिवस तिच्या उजेडात त्याचे फोटो चालू होते आणि हृदय घड्याळासारखं चालू होतं. आज दुपारी मंजुरी देणारी समिती यायची होती. हृदय चालताना बघितलं की तिचा उजेड पुढच्या सगळ्या यंत्रांत बसणार. नाही तर पुन्हा वरचे दिवे.

यंत्रावर एक वरचा दिवाही होता. तो काढते म्हणाली तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "राहू दे गं. आल्यागेल्याला काहीतरी दिसायला नको?" ताईचाही फोन आला होता, की एवढंसं ऐक त्यांचं. तिनं ऐकलं. भीड ही भिकेची बहीण असते हे तिला ठाऊक होतं, पण आपल्याला आणखी एक बहीण आहे हे जास्त ठाऊक होतं.

जेवून परत आली तर पडद्यावर हृदय थांबलेलं.

तिनं आधी बाजूचा उजेड तपासला. ठेवून गेली होती तसाच, मंद. मग हात वरच्या दिव्यावर टेकवला. दिवा गरम होता.

भाऊजी आपल्या खोलीत दात कोरत बसले होते.

"सर, वरचा दिवा कोणी लावला?"

"अगं, माझा शाळेतला मित्र आला होता, बायकोपोरांना घेऊन. तुझ्या त्या पडद्यावर बघून म्हणतो, यात काय दिसतंय, हा तर काळोख आहे. तू नव्हतीस. म्हणून वरचा जरा पूर्ण सोडला. दोन मिनिटं."

"तो मेला."

काडी थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"मासाच आहे गं. समितीला सांग, पहिलाच प्रयोग होता, उजेड अजून कमी करू. तेही खूश, तूही सुटलीस."

"म्हणजे माझ्या उजेडानं मेला, असं मीच सांगायचं?"

"घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस. ताईच्या तोंडाकडे बघ."

तिच्या कानशिलात आग उतरली होती. एरवी ती रागावली की रडायची, आणि सगळ्यांना ते सोयीचं होतं. रडून झालं की तीच चहा करायची. आज डोळे कोरडे होते. ती परत यंत्रापाशी गेली आणि मेलेल्या गर्भाचे फोटो काढत बसली.

समितीत तिघं होती. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावूनच बघत. भाऊजींनी हात जोडले, हळहळ मुद्रेवर चढवली. "बाजूचा उजेड पेलला नाही बिचाऱ्याला. आमची मिणमिण मेहनती आहे हो, पण अजून शिकतेय."

"सर," ती म्हणाली, "हा फोटो सकाळचा. सगळं हृदय हिरवं. हा आत्ताचा. मधला रंग उडालाय, कडेचा शाबूत आहे. उडालेला भाग कसा दिसतो तुम्हाला?"

"कसा म्हणजे? उडालेला."

"आकार विचारतेय."

भाऊजींनी पडद्याकडे बघितलं नाही. म्हाताऱ्या बाईंनी बघितलं. "गोल आहे की. कंपासनं काढल्यासारखा."

"माझा उजेड फटीतला आहे, बाई. तो एकेक थर करत सगळ्या अंगावरून फिरतो. त्यानं रंग उडाला असता तर सगळीकडे सारखाच उडाला असता, उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा. गोल पडतो तो वरच्या दिव्याचा. आणि तो मी तीन दिवसांत एकदाही लावला नाही."

"मग कोणी लावला?"

"मी जेवायला गेले तेव्हा सरांकडे पाहुणे आले होते."

भाऊजी हसले. "मेहुणी आहे माझी. भांडायचा हक्कच आहे तिला."

दुसरं कोणी हसलं नाही. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि भाऊजींकडे जरा वेळ बघितलं, मघाच्या डागाकडे बघितलं होतं तसंच. मग तिला म्हणाल्या, "मेलेल्यावर मंजुरी देता येत नाही, मुली. दुसरं अंडं लाव. आम्ही पुन्हा येऊ. आणि तो दिवा आधी काढ."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्यांना वाटलं, ती जिंकली. तिला तसं काही वाटलं नाही. तिनं पाना घेतला, वरचा दिवा उतरवला, भोकावर पत्र्याचं झाकण ठोकून बसवलं आणि दिवा पिशवीत टाकला.

संध्याकाळी ताईनं दार उघडलं तेच तोंड पाडून. फोन आधीच पोचला होता. "चारचौघांत लाज काढलीस म्हणे त्यांची. काय कमी केलं गं त्यांनी तुझ्यासाठी?"

तिनं पिशवीतून दिवा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. "हा त्यांचा. ऑफिसात आता याला जागा नाही."

"मी काय करू याचं?"

"जेवायला बसले की तोंडासमोर धर आणि पूर्ण सोड. फार नको, त्यांनी सोडला होता तेवढीच, दोन मिनिटं."

आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. ताईनं तिकडे बघितलं, मग दिव्याकडे. "दोन मिनिटं म्हणजे? मला तर म्हणाले, दिव्याला हात लावला नाही."

"ते त्यांनाच विचार."

"चहा तरी घेऊन जा."

"नको," ती म्हणाली आणि जिना उतरली. राग अजून तसाच होता. उद्या सकाळी नवं अंडं लावायचं होतं. तोवर तो टिकला तर तिला हवाच होता.