अकरा प्रश्नांची तयार उत्तरे

जी वस्तू विनामूल्य दिली जाते, तिच्यातील दोषाचे दायित्व देणाऱ्यावर अधिक असते, उणे नव्हे. विकत घेणारा निदान दुकानाच्या दारात उभा राहून जाब विचारू शकतो. भेट म्हणून मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करायला मात्र माणूस ओशाळतो आणि झालेली हानी मुकाट्याने आपल्याच अंगावर घेतो. म्हणून देणाऱ्याने सावध असणे हा शिष्टाचार नव्हे, कर्तव्य होय. ज्या दोघांची ही हकिगत आहे त्यांना हे पुरते ठाऊक होते. तरीही चूक त्यांच्याच हातून घडली.

ती दोघे म्हणजे वहिनी आणि तिचा धाकटा दीर. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही, किंवा असून नसल्यासारखे आहे, अशांसाठी ती एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची डीव्हीडी तयार करीत होती. तबकडी संगणकात घालावी, संगणक पुन्हा सुरू करावा, की सारी व्यवस्था मातृभाषेत इन्स्टॉल व्हावी, असा तो संकल्प. मूळ प्रत वहिनी बांधी, तिच्यावरून तीनशे प्रती भावजी काढी. प्रत्येक प्रत मूळ प्रतीशी अक्षरशः जुळते की नाही हे पडताळून पाहिल्यावाचून तो तिला पाकिटात शिरू देत नसे. जुन्या लेखनिकांना साजेल अशी ती निष्ठा होती.

त्या दुपारी घराच्या पुढच्या खोलीत पाकिटांचे गठ्ठे रचलेले होते आणि भावजी माहितीपुस्तिकांना घड्या घालीत होता.

"वहिनी, ही अक्षरं वाचायला भिंग पण पाकिटात घालायचं का?"

"आधी घडी नीट घाला. तुमची पुस्तिका एका अंगाने लंगडतेय, भावजी."

"लंगडू दे. तीनशे वेळा वाकून माझीही तीच गत झालीय."

त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर वहिनीने स्वतः एक वाक्य लिहिले होते: हा प्रोग्राम तुम्हाला विचारल्यावाचून तुमच्या संगणकावरील काहीही पुसणार नाही.

संध्याकाळी टेम्पो येऊन सारे गठ्ठे नेणार होता. वहिनीच्या मनाला मात्र स्वस्थता नव्हती. ती उठे, गठ्ठे मोजी, बसे, पुन्हा उठे. अखेर तिने मधलेच एक पाकीट उघडले आणि ती डीव्हीडी कोपऱ्यातल्या रिकाम्या संगणकात घातली. पहिला प्रश्न भाषेचा येतो. त्याच्या उत्तरासाठी तिने बोट कळीवर टेकवले. प्रश्न आला नाही. दुसराही आला नाही. पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली आणि तिच्याखाली शब्द उमटले: हार्ड डिस्क पुसून नवी मांडणी होत आहे.

वहिनीला एक फाइल आठवली.

गेल्या महिन्याभरात चाचणीसाठी तिने चाळीसएक वेळा हीच व्यवस्था इन्स्टॉल केली होती. दरवेळी तेच अकरा प्रश्न, तीच अकरा उत्तरे. कंटाळून तिने उत्तरांची एक फाइल करून आत ठेवली होती. त्यामुळे प्रोग्राम कोणाला काही विचारतच नसे. जुने ठेवायचे की सगळे पुसायचे, या प्रश्नाचे त्या फाइलीतले उत्तर 'सगळे पुसा' असे होते, कारण चाचणीच्या संगणकावर ठेवण्यासारखे काही नव्हतेच. अंतिम प्रत बांधण्यापूर्वी ती फाइल काढायची होती. ती राहून गेली.

"पण मी एकूण एक प्रत पडताळलीय!" भावजी उठून उभा राहिला. "एका अक्षराचा फरक नाही."

"तुमच्या प्रती बरोबरच आहेत, भावजी. माझं मूळच चुकलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि एकच गोष्ट दोघांना एकदम आठवली. दोनशे नव्याण्णव प्रती समोर होत्या. पहिली प्रत सकाळीच सुईणमावशी घेऊन गेल्या होत्या.

बाजाराच्या टोकाला मावशींचे छोटे प्रसूतिगृह होते. बावीस वर्षांत तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद, म्हणजे घटका, वजन, आईची प्रकृती, उद्भवलेली अडचण, त्यांच्या जुनाट संगणकात होती, आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. सकाळी वहिनीने बजावले होते, "मावशी, आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवा." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पुसायच्या आधी तुझं ते विचारणार आहे ना? मग झालं तर."

वहिनीने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाट न पाहता तिने चपला पायांत सरकवल्या आणि सायकल बाहेर काढली. भावजी फाटकापर्यंत धावत आला.

"आणि झालंच असेल तर? सांगा, वीज गेली होती म्हणून झालं. त्यांना काय कळणार आहे?"

"भावजी!"

"बरं, बरं. जा तुम्ही. मी फोन लावत राहतो."

रस्ता ओळखीचा होता, पण त्या दिवशी तो सरेना. वळणावर एक हातगाडी आडवी उभी. पुढे गटाराच्या दुरुस्तीसाठी अर्धा रस्ता खणलेला. सायकल हातात धरून ती मातीच्या ढिगावरून चढली आणि उतरली. मनात एकच हिशेब फिरत होता: मावशींचा संगणक मंद आहे, तबकडी वाचायलाच त्याला वेळ लागेल. आयुष्यात प्रथमच तिने एखाद्या यंत्राला मंदपणाबद्दल दुवा दिला.

प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या खोलीत कोणी नव्हते. आतल्या बंद दाराआडून एका बाईचा कण्हण्याचा आवाज आणि मावशींचा खणखणीत धीर ऐकू येत होता. टेबलावर न उचललेला फोन थरथरत होता. पडद्यावर निळी पट्टी पाव हिस्सा सरकलेली होती.

वहिनीने भिंतीतला प्लग उपसला. पडदा काळा झाला आणि ती तशीच, प्लग मुठीत धरून, खाली बसली.

बऱ्याच वेळाने आतून बाळाचा पहिला टाहो ऐकू आला. मावशी हात पुसत बाहेर आल्या.

"अगं, तू कधी आलीस? आणि माझा डबा का बंद केलास? मी डीव्हीडी घातली, आणि एवढ्यात ही बाई दारात. प्रश्न आला तर तो थांबेल, म्हटलं."

'वीज गेली होती' हे तीन शब्द वहिनीच्या ओठांशी आले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिने ते गिळले.

"मावशी, तो थांबणार नव्हता. चूक माझी आहे. माझ्या सोयीसाठी घातलेली फाइल मी काढली नाही. तुमच्या नोंदी पुसायला लागल्या होत्या. किती गेल्या, मला अजून माहीत नाही."

मावशी खुर्चीत बसल्या.

"बावीस वर्षं," त्या म्हणाल्या. मग एकदम, "रडू नकोस. रडणारं एक आत आहे, तेवढं पुरे. परत येतील का, ते बोल."

"बऱ्याच येतील. फाइलींना तुम्ही दिलेली आयांची नावं मात्र जातील. कोणती फाइल कोणाची, ते कळणार नाही."

"ते मला कळेल," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरचे डीव्हीडीचे रिकामे पाकीट ओढले आणि त्याच्या पाठीवर पेनने लिहिले: मुलगा, तीन वाजून दहा मिनिटे, बाळंतीण सुखरूप.

टेम्पो त्या संध्याकाळी रिकामाच परतला. भावजीने उरलेली पाकिटे एकेक करून उघडली आणि दोनशे नव्याण्णव तबकड्या कात्रीने कापल्या. एकही वाचवून ठेवली नाही. वहिनीने मूळ प्रत नव्याने बांधली. या खेपेस बांधलेली प्रत भावजीने खोक्यातून नुकत्याच काढलेल्या नव्या संगणकावर बसवून पाहिली, आणि अकराही प्रश्न मोठ्याने वाचत उत्तरे दिली.

हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम त्याच व्यवस्थेत होता. चार दिवस तो मावशींची हार्ड डिस्क चाळत राहिला. हाती लागलेल्या फाइलींना नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. रोज दुपारी वहिनी एकेक फाइल उघडून वाची आणि मावशी डोळे मिटून ऐकत.

"साडेतीन किलो, नाळ गळ्याभोवती दोनदा, पहाटेची वेळ."

"बेकरीवाल्याची थोरली सून. पुढची वाच."

"दोन किलो शंभर, सातव्या महिन्यात..."

"ती आता शाळेत मॉनिटर आहे. पोरांना धाक घालते म्हणे, बघ!"

काही नोंदी सापडल्या नाहीत. आरंभीच्या दोन वर्षांतल्या जवळजवळ साऱ्या गेल्या. त्या घरांना मावशींनी निरोप धाडले आणि वहिनी एकेका दारी जाऊन, आधी आपली चूक सांगून, मग वही उघडून बसू लागली. कोणी रागावले, कोणी चहा पुढे केला. एका म्हातारीने तर नातवाच्या जन्माची सारी कथा दोन तास ऐकवली आणि घटका मात्र विसरली.

ते काम अजून सरलेले नाही. ज्यांच्या नोंदी पुन्हा लागल्या आणि ज्यांच्या लागायच्या आहेत, ती सारी लेकरे दीर्घायुषी होवोत. त्यांना जगात आणणाऱ्या त्या हातांना बळ राहो. आणि जी दारोदार फिरते आहे, तिच्या मनाला लवकर शांतता लाभो.